मेंदूचे प्रतिमादर्शन व भाषाव्यापार

मेंदूचे प्रतिमादर्शन व भाषाव्यापार : बोलणे, ऐकून समजणे, वाचणे व लिहिणे हे व्यापार चालू असताना मेंदूच्या कोणत्या भागांत, कोणत्या क्रमाने व किती वेळात बदल घडतात, याचा कवटी न उघडता शोध घेण्याच्या विविध पद्धती. ‘प्रतिमा’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. या पद्धतींनी मिळणारे चित्र छायाचित्रासारखे नसते. रक्तप्रवाह, रक्तातील ऑक्सिजन, विद्युत् दाब किंवा चुंबकीय क्षेत्र अशा एखाद्या राशीचे मापन करून त्यावरून संगणकाने ते रचलेले असते. भाषा त्यात प्रत्यक्ष दिसत नाही. बहुधा एका कामाच्या वेळची मापने दुसऱ्या कामाच्या वेळच्या मापनांतून वजा केली जातात व उरलेला फरक रंगांनी दाखविला जातो. त्यामुळे कोणते काम दिले, कोणत्या भाषेत दिले आणि ते करणारी व्यक्ती ती भाषा प्रत्यक्षात कशी बोलते, यांवर चित्राचा अर्थ अवलंबून राहतो. मराठी भाषकांच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. कारण या क्षेत्रातील प्रचलित कसोट्या बहुतांशी इंग्रजी व अन्य यूरोपीय भाषांसाठी तयार झालेल्या आहेत.

पूर्वपीठिका : भाषा व मेंदू यांच्या संबंधाचे ज्ञान दीर्घकाळ शवविच्छेदनावर अवलंबून होते. पॅरिसमधील शल्यविशारद पोल ब्रोका यांनी १८६१ मध्ये लबॉर्न्य नावाच्या रुग्णाचा मेंदू तपासला. या रुग्णाला इतरांचे बोलणे समजे. परंतु स्वतः त्याला ‘तां’ या एका ध्वनीखेरीज फारसे काही उच्चारता येत नसे. त्याच्या डाव्या गोलार्धातील अग्रखंडाच्या खालच्या भागास इजा झालेली आढळली. हा भाग पुढे ब्रोका क्षेत्र म्हणून ओळखला जाऊ लागला. कार्ल व्हेर्निके या जर्मन वैद्यांनी १८७४ मध्ये याच्या उलट प्रकारचे रुग्ण वर्णिले. ते अस्खलित बोलत. पण त्या बोलण्यास अर्थ नसे व दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. त्यांच्या डाव्या शंखखंडाच्या मागील भागात दोष होता. पुढचा भाग बोलण्याचा व मागचा समजण्याचा, अशी सुटसुटीत विभागणी यातून रूढ झाली आणि पाठ्यपुस्तकांत ती शतकभर टिकली.

लबॉर्न्यचा मेंदू पॅरिसमधील संग्रहालयात जतन करण्यात आला होता. ब्रोका यांनी तो कापला नव्हता. केवळ पृष्ठभाग पाहूनच त्यांनी निष्कर्ष काढला होता. त्याच मेंदूचे चुंबकीय अनुस्पंदन पद्धतीने केलेले परीक्षण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात इजा पृष्ठभागापुरती मर्यादित नसून खोलवरच्या तंतुगुच्छांपर्यंत गेलेली असल्याचे दिसून आले. ज्या रुग्णावरून ‘वाणीचे केंद्र’ ही कल्पना रूढ झाली, त्याची वाणी केवळ त्या केंद्राच्या नाशामुळे गेली असे म्हणता येत नाही. सुमारे दीडशे वर्षांनी झालेली ही फेरतपासणी नव्या पद्धतींच्या सामर्थ्याचा उत्तम नमुना ठरते.

जिवंत मेंदूतील भाषाक्षेत्रांचा पद्धतशीर शोध माँट्रिऑल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी घेतला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत रुग्णास जागे ठेवून उघड्या मेंदूच्या पृष्ठभागास ते सौम्य विद्युत् प्रवाहाने स्पर्श करीत. मेंदूला स्वतःला वेदना होत नसल्याने हे शक्य होते. एखाद्या ठिकाणी प्रवाह दिला असता रुग्ण चित्र ओळखूनही त्याचे नाव सांगताना अडखळला, तर तो भाग कापावयाचा नाही, असा नियम असे. पेनफील्ड व लॅमर रॉबर्ट्‌स यांनी ही निरीक्षणे १९५९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. भाषेसाठी कोणता गोलार्ध प्रधान आहे हे ठरविण्याकरिता जून वाडा या जपानी वैद्यांनी १९४९ मध्ये एक निराळी चाचणी सुचविली. एका बाजूच्या ग्रीवा-रोहिणीत गुंगीचे औषध सोडून तो गोलार्ध काही मिनिटे निष्क्रिय करावयाचा व रुग्ण बोलू शकतो का, हे पहावयाचे. या चाचणीच्या आधारे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत उजखोऱ्या व्यक्तींपैकी सु. ९६ टक्क्यांची, तर डावखोऱ्यांपैकी सु. ७० टक्क्यांची भाषा डाव्या गोलार्धात असल्याचे आढळले. हे प्रमाण रुग्णांवरून काढलेले आहे, हे लक्षात ठेवावयास हवे.

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या क्ष-किरण संगणकीय छेददर्शन यंत्राने (प्रचारातील नाव ‘सीटी स्कॅन’) १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचे परीक्षण झाले. या शोधाबद्दल १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना व ॲलन कॉर्मक यांना मिळाले. यामुळे वाचाघात झालेल्या रुग्णाच्या मेंदूतील इजा त्याच्या हयातीतच दिसू लागली. परंतु हे चित्र रचनेचे असते, कार्याचे नव्हे. इजा झालेला भाग त्यात दिसतो. निरोगी मेंदू बोलताना काय करतो, ते दिसत नाही.

विद्युत् व चुंबकीय मापने : मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या क्रियेमुळे टाळूवर काही दशलक्षांश व्होल्ट इतका विद्युत् दाब निर्माण होतो. हान्स बेर्गर यांनी तो नोंदवून १९२९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्युत् मस्तिष्कालेखनाचा हा प्रारंभ होय. एखादा शब्द ऐकल्यानंतर होणारा बदल एका नोंदीत इतर चढउतारांत बुडून जातो. त्यासाठी एकाच प्रकारचे अनेक शब्द देऊन नोंदींची सरासरी काढतात. या पद्धतीचे वैशिष्ट्य म्हणजे तिची कालसूक्ष्मता. सेकंदाच्या सहस्रांश भागात घडणारा बदलही तिच्यात टिपला जातो.

मार्टा कुटास व स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, वाक्यात अर्थाच्या दृष्टीने न जुळणारा शब्द आल्यास सु. ४०० सहस्रांश सेकंदांनी एक ऋण लहर उमटते. ‘शेतकऱ्याने बैलांना वैरण घातली’ या वाक्यात ‘वैरण’च्या जागी ‘गोष्ट’ हा शब्द घातल्यास व्याकरण शाबूत राहते, पण अर्थ बिघडतो. अशा शब्दानंतर ही लहर मोठी होते. व्याकरणाच्या अनपेक्षित रूपानंतर मात्र सु. ६०० सहस्रांश सेकंदांच्या सुमारास निराळी, धन लहर आढळते. तिचे वर्णन १९९२ मध्ये झाले. ‘मुलाने पोळी खाल्ला’ हे वाक्य या दुसऱ्या प्रकारात मोडेल. अर्थ व व्याकरण यांचे व्यापार काळाच्या दृष्टीने काही प्रमाणात वेगळे ओळखता येतात, हे या मापनांनी दाखविले. तथापि लहर मेंदूच्या नेमक्या कोणत्या जागी उगम पावली, हे सांगण्यात ही पद्धत दुबळी आहे; कारण कवटीतून बाहेर येताना विद्युत् दाब पसरतो.

त्याच क्रियेमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कवटीमुळे तितके विकृत होत नाही. मात्र ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी दुर्बल असते. डेव्हिड कोएन यांनी १९६८ मध्ये त्याची पहिली नोंद घेतली. पुढे द्रवरूप हीलियमने थंड केलेल्या अतिसंवाहक संवेदकांमुळे हे मापन व्यवहार्य झाले. त्यासाठी बाह्य क्षेत्र अडविणारी खास खोली लागते व खर्च फार येतो. भारतात बंगळूरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्थेत अशी यंत्रणा आहे.

पॉझिट्रॉन उत्सर्जन छेददर्शन : मेंदूचा जो भाग काम करतो, तेथे रक्तप्रवाह वाढतो. या जुन्या निरीक्षणावर ही पद्धत आधारलेली आहे. ऑक्सिजनाचा १५ वस्तुमानांकाचा किरणोत्सर्गी समस्थानिक असलेले पाणी शिरेतून दिले जाते. त्याचा अर्धायुकाल केवळ सु. दोन मिनिटे असल्याने ते तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र रुग्णालयाच्या आवारातच असावे लागते. उत्सर्जित पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन यांच्या विलोपनातून विरुद्ध दिशांना जाणारे दोन गॅमा किरण बाहेर पडतात. ते एकाच वेळी टिपून रक्तप्रवाहाचा नकाशा तयार करतात.

भाषेच्या अभ्यासात या पद्धतीने १९८८ मध्ये मोलाची भर पडली. अमेरिकेतील सेंट लूइस येथे स्टीव्हन पीटरसन, मार्कस रेकल व त्यांचे सहकारी यांनी प्रयुक्त व्यक्तींना चढत्या क्रमाने कामे दिली : नुसते एका खुणेकडे पाहणे, शब्द पाहणे किंवा ऐकणे, तो उच्चारणे, आणि शेवटी त्या नामाशी निगडित क्रियापद सुचविणे (उदा., ‘विळा’ म्हटल्यावर ‘कापणे’). प्रत्येक पायरीच्या चित्रातून आधीच्या पायरीचे चित्र वजा केले गेले. शब्द पाहताना पश्चकपाल भागात, ऐकताना शंखखंडात, उच्चारताना प्रेरक क्षेत्रात आणि क्रियापद सुचविताना डाव्या अग्रखंडात वाढ दिसली. वजाबाकीची ही रीत नंतरच्या बहुतेक संशोधनाचा पाया ठरली. तिच्यात एक गृहीत दडलेले आहे : नवे काम जोडले असता जुने काम जसेच्या तसे राहते. माणसाच्या मनाबद्दल असे गृहीत धरणे धाडसाचे आहे आणि त्यावर टीकाही बरीच झाली. भारतातील पहिले पॉझिट्रॉन उत्सर्जन छेददर्शक यंत्र २००२ मध्ये मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात सुरू झाले. या यंत्रांचा आपल्याकडील वापर मुख्यतः कर्करोगाच्या निदानासाठी होतो. किरणोत्सर्गी द्रव्य टोचावे लागत असल्याने निरोगी व्यक्तींवर, विशेषतः मुलांवर, भाषेचे प्रयोग करण्यास ही पद्धत योग्य नाही.

कार्यदर्शी चुंबकीय अनुस्पंदन : सध्या भाषेच्या संशोधनात सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत हीच होय. रुग्णालयातील नेहमीच्या ‘एमआरआय’ यंत्रावरच ती राबविता येते. तिच्यात काही टोचावे लागत नाही व क्ष-किरणही नसतात. लिनस पॉलिंग व चार्ल्‌स कॉर्येल यांनी १९३६ मध्ये दाखविले होते की, ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन व ऑक्सिजन सोडून दिलेले हीमोग्लोबिन यांचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये या भेदाचा मेंदूच्या प्रतिमेसाठी उपयोग केला आणि १९९२ पासून मानवी मेंदूवरील प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले. काम करणाऱ्या भागाकडे त्याच्या गरजेपेक्षा अधिक ऑक्सिजनयुक्त रक्त धाव घेते व तेथील संकेत किंचित वाढतो. ही वाढ बहुधा टक्क्या-दोन टक्क्यांची असते. म्हणून तेच काम पुन्हा पुन्हा करवून घ्यावे लागते.

या पद्धतीत जागेचा निर्देश २–३ मिमी.पर्यंत करता येतो. परंतु इतक्या लहान घनाकृती भागातही लाखो कोशिका असतात. काळाच्या बाबतीत ती मंद आहे. रक्तप्रवाहातील वाढ शब्दानंतर सु. ५ सेकंदांनी शिखरास पोहोचते. तेवढ्या वेळात सामान्य बोलणारा दहा-बारा शब्द बोलून जातो. विद्युत् मस्तिष्कालेखन ‘केव्हा’ याचे उत्तर देते, तर ही पद्धत ‘कोठे’ याचे. त्यामुळे दोहोंचा मेळ घालण्याकडे संशोधकांचा कल असतो. यंत्राचा मोठा आवाज व अरुंद पोकळी यांमुळे काहींना त्रास होतो. बोलताना डोके हलले की चित्र बिघडते. म्हणून पुष्कळ प्रयोगांत प्रयुक्ताला उत्तर मोठ्याने न सांगता मनातल्या मनात द्यावयास सांगतात. मग त्याने ते खरोखर दिले की नाही, हे कळण्यास थेट मार्ग उरत नाही.

एका परीक्षणात मेंदूचे सु. एक लाख बिंदू मोजले जातात. इतक्या तुलना केल्या की, केवळ योगायोगानेही काही बिंदू ‘क्रियाशील’ ठरतात. अमेरिकेतील संशोधकांनी २००९ मध्ये एका मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून त्याला माणसांची चित्रे दाखविली आणि संख्याशास्त्रीय दुरुस्ती न केल्यास त्याच्याही मेंदूत क्रिया आढळते, हे सप्रमाण दाखविले. हा विनोद शास्त्रज्ञांच्या चांगलाच जिव्हारी लागला व आकडेमोडीचे निकष कडक झाले.

या पद्धतीने भाषेचे जुने द्विकेंद्री चित्र बदलले. भाषा दोन ठाण्यांत वसलेली नसून डाव्या गोलार्धातील अग्र व शंख खंडांत पसरलेल्या एका जालावर ती चालते, असे आज मानतात. हे जाल सर्व भाषांत सारखेच असते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील संशोधकांनी केलेली पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १२ भाषाकुलांतील ४५ भाषांचे भाषक घेतले होते व मराठीचाही त्यांत समावेश होता. लुइस कॅरल यांच्या ॲलिसच्या कथेतील उतारे प्रत्येकास त्याच्या मातृभाषेत ऐकविण्यात आले. जालाचे स्थान व डाव्या बाजूचे प्राधान्य सर्वत्र सारखे आढळले. मात्र बहुतेक भाषांचे दोनदोनच भाषक घेतलेले असल्याने एखाद्या भाषेची स्वतःची वैशिष्ट्ये त्यातून कळणे शक्य नव्हते.

चुंबकीय अनुस्पंदनाचाच एक उपप्रकार पाण्याच्या रेणूंच्या विसरणावर आधारलेला आहे. तंत्रिका तंतूंच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज पसरते, आडव्या दिशेने कमी. पीटर बॅसर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यावरून तंतुगुच्छांची दिशा काढण्याची रीत बसविली. ब्रोका व व्हेर्निके यांची क्षेत्रे जोडणारा धनुराकृती तंतुगुच्छ तिच्यामुळे जिवंत व्यक्तीत रेखाटता आला. जेथे दोन गुच्छ एकमेकांस छेदतात, तेथे ही रीत चुकू शकते. तान्ह्या मुलांसाठी अवरक्तसमीप प्रकाशाने रक्तातील ऑक्सिजन मोजणारी टोपी सोयीची असते. मात्र तिचा प्रकाश मेंदूच्या पृष्ठभागाखाली फारसा जात नाही.

देवनागरी लिपीचे वाचन : वाचन ही मानवाच्या इतिहासातील अगदी अलीकडची गोष्ट आहे. मेंदूत तिच्यासाठी उपजत जागा असू शकत नाही. दृष्टी व वाणी यांच्यासाठी असलेल्या भागांकडूनच ती काम करून घेते. साहजिकच लिपीच्या घडणीनुसार हे काम बदलते. इंग्रजीत लेखन व उच्चार यांचा मेळ अनियमित असल्याने पुष्कळदा सबंध शब्दच ओळखावा लागतो. देवनागरीत अक्षरावरून उच्चार बराचसा निश्चित होतो. मात्र ही लिपी सरळ रेषेत चालत नाही. उकार खाली, मात्रा वर, काना पुढे, आणि ‘कि’मधील वेलांटी तर उच्चारात नंतर येऊनही लेखनात व्यंजनाच्या आधी बसते. अशा वेलांटीमुळे हिंदी वाचकांचा वाचनवेग मंदावतो, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले होते.

हरयाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी आणि इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांवर केलेले संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील १४ जण दोन्ही लिपी वयाच्या पाचव्या वर्षापासून शिकले होते. १० जण हिंदी पाचव्या वर्षी व इंग्रजी दहाव्या वर्षी शिकले होते. पहिल्या गटात हिंदी वाचताना डाव्या पार्श्विक खंडाचा खालचा भाग आणि इंग्रजी वाचताना डाव्या शंखखंडाचा खालचा भाग अधिक क्रियाशील होता. म्हणजे प्रत्येक लिपीसाठी तिला साजेसा मार्ग. दुसऱ्या गटाने मात्र इंग्रजीसुद्धा हिंदीच्याच मार्गाने, अक्षरे जुळवीत वाचली. महाराष्ट्रातील वाचकास हा भेद ओळखीचा वाटेल. राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे साधारणपणे दहाव्या वर्षी सुरू होई. जून २००० पासून ती पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. लिपी तीच असल्याने हा निष्कर्ष मराठीस लागू पडण्यासारखा आहे. मात्र २४ व्यक्तींच्या पाहणीवरून शिक्षणाचे धोरण ठरविणे उतावीळपणाचे होईल. शिवाय निराळा मार्ग म्हणजे कनिष्ठ मार्ग, असेही यातून सिद्ध होत नाही.

प्रौढपणी अक्षरओळख झाल्यास मेंदूत काय घडते, याचे उत्तर लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांवरून मिळाले. त्यांना सु. सहा महिने देवनागरी वाचनलेखन शिकवून आधी व नंतर परीक्षण करण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बदल केवळ मेंदूच्या बाह्यकात झाला नव्हता. दृष्टीशी संबंधित असलेल्या थॅलॅमस व मस्तिष्क स्तंभ यांसारख्या खोल व प्राचीन भागांचा बाह्यकाशी असलेला मेळही वाढला होता. प्रौढ साक्षरतेच्या कार्यकर्त्यांना ‘आता या वयात काय शिकणार’ हे वाक्य नेहमी ऐकावे लागते. त्याला हे एक उत्तर आहे.

वाचनदोषाच्या (डिस्लेक्सियाच्या) निदानात प्रतिमादर्शनाचा थेट उपयोग होत नाही. एखाद्या मुलाचे चित्र पाहून त्याला हा दोष आहे असे सांगता येत नाही. परंतु लिपीनुसार वाचनाचे मार्ग बदलतात, हे कळल्यावर इंग्रजी कसोटीने मराठी माध्यमाच्या मुलाचे निदान करणे चुकीचे ठरते. मानेसरच्या त्याच केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी ‘डाली’ ही कसोटी तयार केली व ती २०१५ मध्ये उपलब्ध झाली.

बोली व कसोटी : व्याकरणाच्या प्रयोगांत ‘चुकीचे’ वाक्य कोणते, हे संशोधकाने आधीच ठरविलेले असते. प्रमाण मराठीत स्त्री ‘मी जाते’ म्हणते. कोल्हापूर परिसरात मात्र स्त्रियाही स्वतःसाठी ‘मी येतो’, ‘मी जातो’ अशी रूपे सर्रास वापरतात. समजा, लिंगवचनाच्या मेळावरील प्रयोगात स्त्रीच्या आवाजातील ‘मी उद्या जातो’ हे वाक्य चूक म्हणून योजले. पुण्यातील श्रोत्याच्या आलेखात तेथे ६०० सहस्रांश सेकंदांची लहर अपेक्षित धरता येईल. कागल तालुक्यातील बिद्री येथे, जेथे श्रोत्याने आईच्या व बहिणीच्या तोंडून हेच रूप जन्मभर ऐकले आहे, ती उमटण्याचे कारण नाही. संशोधकास हे ठाऊक नसल्यास तो निरोगी श्रोत्याच्या मेंदूत दोष पाहील. वाक्य कोण बोलत आहे याचा हिशेब मेंदू शब्दाच्या अर्थाबरोबरच करतो, हे नेदर्लंड्‌समधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविलेले आहे. प्रौढाला शोभणारे वाक्य लहान मुलाच्या आवाजात ऐकविले असता त्यांना अर्थविसंगतीसारखीच लहर मिळाली होती.

‘ने’ प्रत्ययाचाही येथे विचार करावा लागतो. हिंदीतील ‘ने’युक्त व ‘ने’विरहित वाक्यांची मनात जुळवाजुळव होताना विद्युत् मस्तिष्कालेखात फरक पडतो व तो पहिल्या शब्दाचा ध्वनी तयार होण्याच्या आधीच दिसतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मराठीची रचना हिंदीहून भिन्न आहे. ‘त्याने आंबा खाल्ला’ येथे प्रत्यय आहे, तर ‘मी आंबा खाल्ला’ येथे नाही. हिंदीत दोन्ही ठिकाणी तो येतो. तेव्हा हिंदीसाठी रचलेली वाक्ये केवळ भाषांतरित करून मराठी कसोटी तयार होत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी : या साऱ्या भेदांना प्रत्यक्ष किंमत येते ती शस्त्रक्रियेच्या वेळी. डाव्या अग्र किंवा शंख खंडात अर्बुद असेल किंवा तेथून अपस्माराचे झटके येत असतील, तर तो भाग काढण्यापूर्वी रुग्णाची भाषा कोठे आहे, हे पहावे लागते. वाडा चाचणीत रोहिणीत नळी घालण्याचा धोका असल्याने आज अनेक ठिकाणी गोलार्धप्राधान्य कार्यदर्शी चुंबकीय अनुस्पंदनाने ठरवितात. तथापि अर्बुदाच्या आसपास रक्तवाहिन्यांचे नियमन बिघडलेले असते; तेथे चित्रात रंग उमटला नाही म्हणजे तेथे भाषा नाही, असा अर्थ होत नाही. उलट, रंग उमटलेला प्रत्येक भाग भाषेला अपरिहार्य असतो असेही नाही. तो भाग कामात भाग घेतो, एवढेच कळते. म्हणून कापण्याच्या मर्यादेचा अंतिम निर्णय अजूनही पेनफील्ड यांच्या रीतीने, रुग्णास जागे ठेवून व मेंदूस विद्युत् स्पर्श करून घेतला जातो.

या वेळी रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारतात. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या बोस्टन नामकथन कसोटीत इग्लू, बीव्हर, प्रेट्‌झेल अशी चित्रे आहेत. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित असलेल्या बिद्रीच्या परिसरातील ऊसकरी शेतकऱ्यास यांतील एकाचेही नाव आले नाही, तर तो वाचाघात नव्हे. त्याला विळा, खुरपे, चरवी, गुऱ्हाळातील काहील अशी चित्रे दाखविली पाहिजेत. आणि ‘नाही’च्या जागी तो ‘न्हाई’ म्हणाला, तर उच्चारदोष म्हणून त्याची नोंद होता कामा नये. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण प्रत्येक चित्रास स्वतः कोणते नाव देतो, ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवणे व जी नावे त्याला सहज येत नाहीत ती चित्रे वगळणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

भाषा एकाहून अधिक असल्यास अडचण वाढते. जॉर्ज ओजमन व हॅरी व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये दाखविले की, द्विभाषिक रुग्णाच्या मेंदूत काही जागी विद्युत् स्पर्श केला असता एकाच भाषेतील नामकथन थांबते व दुसरीतील चालू राहते. एका भाषेत तपासून सुरक्षित ठरविलेली जागा दुसरीसाठी सुरक्षित असतेच असे नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेजवळच्या गावांत घरी बोलीतील मराठी, शाळेत प्रमाण मराठी, सीमेपलीकडील नातलगांशी कन्नड आणि बाहेरगावी हिंदी, अशी एकाच माणसाची वाणी असू शकते. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होत असेल व चाचणी हिंदीत किंवा इंग्रजीत घेतली, तर नेमकी घरची बोली तपासावयाची राहून जाते. शस्त्रक्रियेच्या मेजावर जाग्या रुग्णाचे लक्ष मर्यादित वेळच टिकत असल्याने सर्व भाषा तपासणे नेहमी शक्य होत नाही. अशा वेळी कोणत्या भाषेला अग्रक्रम द्यावयाचा, हे रुग्ण व त्याचे कुटुंबीय यांना शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून ठरवितात. चित्रे दाखविणारा वाचाचिकित्सक ती भाषा जाणणारा नसल्यास घरातील एखाद्या व्यक्तीकडून प्रश्न ध्वनिमुद्रित करून घेता येतात. उत्तरातील किंचित अडखळणे ओळखण्यासाठी मात्र ती बोली जाणणारा माणूस शस्त्रक्रियागृहात हजर असावा लागतो.